अंगठा जुळत नाही तेव्हा

मंडळी, आयोजकांनी आजचा विषय मोठा दिला आहे : ‘तंत्रज्ञान, कंपन्या आणि कल्याणकारी राज्य’. एका तासात एवढ्या विषयातून वाट काढायची तर कुणाचे तरी बोट धरावे लागेल. आम्ही अंगठा धरला आहे.

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द इथे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला सही येत नाही त्याची चेष्टा करणारा शब्द. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. दिवसभर राबलेली माणसे रात्री पाटीवर स्वतःचे नाव गिरवत बसली. त्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधी इच्छा होती, की माणसाने अंगठ्यावरून सहीवर यावे. आणि आता काय झाले बघा. एम. ए. झालेली सून रेशन दुकानात गेली तरी तिची सही कुणी मागत नाही. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवा म्हणतात.

तुम्ही म्हणाल, तो अंगठा निराळा, हा निराळा. निराळा आहेच, आणि तो फरकच महत्त्वाचा आहे. जुन्या कागदावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिलेले असायचे आणि शेजारी साक्षीदाराची सही. म्हणजे अंगठा एकटा नव्हता. ‘हा तोच माणूस, मी याला ओळखतो’ असे म्हणणारे दुसरे कोणीतरी तिथे उभे असायचे. नव्या अंगठ्याला साक्षीदार नाही. सुरगाण्याच्या दुकानदाराने त्या बाईला तिच्या लग्नापासून पाहिलेले असते. तिची सासू, तिची पोरे, सगळे त्याला माहीत. पण मशीनने ‘जुळत नाही’ म्हटले की त्या ओळखीला किंमत उरत नाही.

अंगठ्याचा सरकारी इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा अख्खा पंजा उमटवून घेतला. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार होता. हर्शेलने पुढे मोकळेपणाने लिहिले आहे, की माणसाने उद्या शब्द फिरवू नये म्हणून त्याला धाक बसवायचा होता. बोटांच्या रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात हे शास्त्र मागाहून आले. धाक आधी होता.

आता थोडे आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, येतो. घाबरू नका, लवकर परत येऊ.

एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कसे कळते? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी यासाठी ‘अनुपलब्धी’ नावाचे वेगळे प्रमाण मानले. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. पण लगेच त्यांनी अट घातली : अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असे म्हणता येत नाही. आधी दिवा लावा, मग बोला.

ई-पॉस मशीन या कसोटीला लावून पाहा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याची माणसे हंगामभर छाटणी, थिनिंग, डिपिंग करतात. घडामागून घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. सिन्नरला बायकांच्या पिढ्या विड्या वळत आल्या. या कामांत बोटांच्या रेषा झिजतात. वय झाले की आपोआप झिजतात. डोंगरात रेंज नसते, सर्व्हर डाऊन असतो. ही सगळी अंधारी खोली आहे, आणि तिच्यात उभे राहून यंत्र सांगते, की माणूस जुळत नाही. मीमांसकाने विचारले असते, तो जुळण्यासारखा असता तर जुळला असता, याची खात्री तुम्ही करून घेतलीत का? नसेल, तर तुमच्यापाशी फक्त तुमच्या न दिसण्याचे ज्ञान आहे, त्याच्या नसण्याचे नाही.

आमच्यासारख्या पेन्शनरांना याची चव दर नोव्हेंबरात मिळते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आम्ही जिवंत आहोत हे एका बँकेतल्या यंत्राला पटायला एकदा तीन खेपा लागल्या. पण तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, ‘सर, राहू द्या, आपण कागदावर करू’ म्हणाले. म्हणजे आमच्यासाठी दिवा लावला गेला. मजुरी बुडवून आलेल्या बाईला तिसरी खेप परवडत नाही, आणि खुर्ची तर कुणी देतच नाही. यंत्र सगळ्यांना सारखे वागवते म्हणतात. असेल. पण यंत्र चुकल्यावर काय होते, ते मात्र माणूस पाहून ठरते.

आपला हा विभाग या गोष्टीचे माहेरघर आहे, हे पुष्कळांना आठवत नसेल. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी एका आदिवासी महिलेला दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीला आले होते. ज्याच्यापाशी कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, ही त्यामागची कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती, हे आम्ही आजही म्हणतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याला कुठेही चालेल असा एक क्रमांक मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण जे ‘मिळायचे’ होते ते ‘दाखवायचे’ केव्हा झाले? ‘माझ्यापाशी ओळख आहे’ यावरून ‘आधी ओळख पटव, मग बोल’ यावर आपण कसे आलो?

ताजे उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ अखेरच्या शासन निर्णयाने आली. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. तोपर्यंत अर्ज पटापट मंजूर झाले. निवडणूक झाली आणि पडताळणी सुरू झाली. बहिणीवरचा विश्वास आधी आणि संशय नंतर, हा क्रम तुम्ही लक्षात घ्या. जुलै २०२५मध्ये २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याची शंका सरकारनेच सांगितली. चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचेही समोर आले. म्हणजे गळती खोटी नव्हती. करदात्याचा पैसा आहे, तपासलाच पाहिजे. त्याबद्दल आमचा वाद नाही.

पण तपासले कसे? सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी द्यायचा. कारण उघड आहे, कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे होते. आता त्याच योजनेच्या शासन निर्णयात उद्देश काय लिहिला आहे? महिलांचे आर्थिक स्वातंत्र्य, आणि कुटुंबातल्या निर्णयांत त्यांचे स्थान बळकट करणे. स्वातंत्र्य तिचे, ओटीपी नवऱ्याचा! नवरा दारू पिऊन पडला असेल, उसतोडीला गेला असेल, किंवा नुसता रुसला असेल, तर तिचे स्वातंत्र्य त्याच्या फोनमध्ये अडकले.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. शासन निर्णयाने पात्र महिलांची यादी दिली आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, असे शब्द आहेत. ‘परित्यक्ता’ हा शब्द लिहिणाऱ्याला महाराष्ट्र माहीत होता. टाकलेल्या बायकांचा प्रश्न इथे जुना आहे, त्यासाठी चळवळी झाल्या आहेत. पण संगणकाच्या पडद्यावर तिला जागा नव्हती. नवरा जिवंत आहे, पण कुठे आहे माहीत नाही. आहे तर ओटीपी देणार नाही. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात सोय झाली, मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. पती वा वडील हयात नसतील किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या. ठीक. टाकून दिल्याचा दाखला कोणते न्यायालय देते?

इथे आमचा खरा आक्षेप येतो. शासन निर्णय आपल्याला वाचता येतो, त्यावर भांडता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. पडद्यामागची अट वाचता येत नाही. कुठला रकाना सक्तीचा, कुठला नाही, जुळणी किती टक्के झाली म्हणजे ‘जुळले’ म्हणायचे, हे कुणीतरी ठरवतो. अधिकारी असेल, कंत्राट घेतलेली कंपनी असेल. तो ठरवतो ते कायद्यासारखेच लागू होते, पण राजपत्रात छापून येत नाही. कंपन्यांची सत्ता म्हटले की आपल्याला उंच इमारती आणि अब्जाधीश दिसतात. आम्हाला तो रकाना दिसतो.

कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. आधार कायद्याच्या कलम ५७मध्ये खासगी कंपन्यांनाही आधार मागण्याची वाट होती. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. कल्याणकारी योजनांसाठीची सक्ती मात्र राहू दिली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी असहमतीचा स्वतंत्र निकाल दिला, तो मुळातून वाचावा. मग २०१९च्या दुरुस्तीने बँकांना आणि मोबाईल कंपन्यांना ‘ऐच्छिक’ म्हणून दार किलकिले झाले, आणि जानेवारी २०२५च्या नियमांनी ते आणखी उघडले. गरिबाची सक्ती टिकली आणि कंपनीची बंदी विरघळली.

दुसरी गोष्ट २०१७ची. एअरटेलच्या ग्राहकांनी मोबाईलसाठी आधार पडताळणी केली, आणि त्यातल्या अनेकांची त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. गॅसचे अनुदान तिकडे जमा होऊ लागले. बोभाटा झाला, आधार प्राधिकरणाने डिसेंबरात कंपनीची ई-केवायसी परवानगी स्थगित केली, पैसे परत करण्याची व्यवस्था झाली. पण विचार करा, ज्यांचे पैसे भलतीकडे गेले त्यांनी न्यायालयात जायचे म्हटले असते तर? त्या वेळच्या कलम ४७प्रमाणे आधार कायद्याखालच्या गुन्ह्याची फिर्याद फक्त प्राधिकरणच करू शकत होते. ज्याचा अंगठा, त्याला फिर्यादीचा अधिकार नाही. पुढच्या निकालाने हे बदलले, पण मुळात असे लिहिले गेले हे विसरू नये.

आता ‘बचत’. थेट लाभ हस्तांतरणाने ३.४८ लाख कोटी रुपये वाचले, असे २०२५मध्ये सरकारी प्रसिद्धिपत्रकात आले. चूक दोन प्रकारची असते. नको त्याला मिळणे ही एक, हव्या त्याला न मिळणे ही दुसरी. हिशोबात दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हीकडे नाव कापले की पैसा वाचतो. खोटे नाव कापले तरी बचत, खरे कापले तरी बचत. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी झारखंडमध्ये रेशनवरच्या अंगठ्याचा अभ्यास केला. रद्द झालेल्या कार्डांतली बहुसंख्य खऱ्या कुटुंबांची निघाली. आणि अंगठा घेऊन धान्य कमी मोजणाऱ्या दुकानदाराला यंत्र कसे पकडणार? तराजू तर त्याच्याच हातात.

झारखंडमध्येच, सिमडेगा जिल्ह्यात, सप्टेंबर २०१७ला अकरा वर्षांची एक मुलगी वारली. आधार जोडले नाही म्हणून घरचे रेशन कार्ड रद्द झाले होते. आई म्हणाली भूक, सरकार म्हणाले मलेरिया.

पुराव्याचे ओझे कुणी वाहायचे, हा प्रश्न आपल्याकडे आधीही आला आहे. मे १८७५मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले रोखे आणि खतावण्या बाहेर काढून जाळल्या. कागदावर अंगठा शेतकऱ्याचा होता, मजकूर सावकाराचा. त्यानंतर १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायालयाला सांगितले, की रोख्यावर काय लिहिले आहे तेवढे पाहू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा. सावकारांनी त्यातूनही पळवाटा काढल्या, ते खरे. पण अंगठा उमटला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही, हे परक्या सरकारलाही कबूल करावे लागले. आपले सरकार अंगठा उमटला नाही म्हणजे प्रश्न मिटला असे मानते.

आणि वि. स. पागे यांची रोजगार हमी. १९७७च्या कायद्यात मजुराने काम मागायचे आणि शासनाने द्यायचे, नाही दिले तर भत्ता द्यायचा. अडचण शासनाची, मजुराची नाही. त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या केंद्राच्या योजनेत २०२३पासून हजेरी ॲपवरच्या फोटोने सक्तीची झाली. फोटो चढला नाही की दिवसभर खणलेली माती खणलेलीच नाही!

म्हणून आमची मागणी यंत्र फेकून द्या अशी नाही. यंत्र ‘हो’ म्हणाले तर ते माना. ‘नाही’ म्हणाले तर तो निर्णय समजू नका, शंका समजा, आणि ती शंका फेडण्याचे काम कार्यालयाने करावे, ठरावीक दिवसांत, तोवर धान्य आणि पैसे चालू ठेवून. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. अंगठा जुळला नाही म्हणून सेवा नाकारली, तर ती या कायद्यात का बसू नये?

सिमडेगानंतर केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ला राज्यांना पत्र पाठवले. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नका, इतर ओळखपत्रावर द्या आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवा. या महिन्यात रेशन दुकानात गेलात तर ती वही मागा. दुकानदार ‘कसली वही?’ म्हणाला, तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्नांना वेळ ठेवायचा आहे. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.