पळणारी मुलगी आणि त्याआधीची पस्तीस वर्षं

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी 'कोरियन लोकांचं क्रौर्य' असं लिहिलं होतं. गाइडनी त्याभोवती गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "कधीपासूनचं?"

पुस्तक होतं योको कावाशिमा वॉटकिन्स यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी 'सो फार फ्रॉम द बॅम्बू ग्रोव्ह' (१९८६). साल १९४५, जपान हरत आलाय. कोरियाच्या उत्तरेकडच्या नानाममधून अकरा वर्षांची जपानी मुलगी आई आणि बहिणीबरोबर पळते. वाटेत भूक, सैनिक, बायकांवरचे अत्याचार. वाचताना पोटात गोळा येतो, आणि तो खोटा नाही. कोरियन लोक जपान्यांचा द्वेष करतात एवढं कळतं; का करतात, ते जवळजवळ कळतच नाही. १९१० पासूनची जपानी राजवट पानाबाहेर राहते. २००६ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत हे पुस्तक शिकवण्यावर कोरियन-अमेरिकन पालकांनी आक्षेप घेतला, त्यातला एक मुद्दा हाच होता.

"अकरा वर्षांच्या पोरीला राजकारण काय कळणार?" हे उत्तर मलाही आधी पटलं होतं. पण पुढचा क्योटोचा भाग बघा. आई स्टेशनवर मरते. योको शाळेत जायला लागते आणि तिच्या फाटक्या कपड्यांवरून वर्गातल्या जपानी मुली तिला छळतात. तिथे मात्र छळामागची गरीब-श्रीमंत दरी आपल्याला लख्ख दिसते. म्हणजे निवेदिकेची नजर अधू नाही. नानाममध्ये ती एका बाजूला वळत नाही, इतकंच. (तिच्या भावाला जीव धोक्यात घालून लपवणारं कोरियन कुटुंबही पुस्तकात आहे. ते विसरलात तर व्हायव्हात सापडाल!)

आता शेजारी रिचर्ड किम यांचं 'लॉस्ट नेम्स' (१९७०) ठेवा. निवेदक इथेही लहान मुलगा, पण कोरियन. १९४० मध्ये त्याच्या घराण्याचं नाव सक्तीनं बदललं जातं. जपान जिंकत असताना शाळेत वाटलेले रबरी चेंडू युद्ध फिरल्यावर परत मागवतात, आणि त्याच चेंडूंवरून त्याला जपानी शिक्षकाचा मार बसतो. मारणारा कुणी डाकू नाही. हजेरी घेणारा माणूस आहे. चीड अशी साठत जाते, वर्गात, रोज.

'क्रौर्य' हा शब्द मी काढलेला नाही. त्याच्या आधी पस्तीस वर्षांवरचं एक प्रकरण आलंय, आणि सिनॉप्सिसनं पानमर्यादा ओलांडलीय.