‘काळी बुरशी’ : एका रोगनामाची चिकित्सा

रोगाचे निदान वैद्य करतो. परंतु त्याचे नाव रूढ होते ते लोकांच्या बोलण्यात. एकदा रूढ झालेले नाव रोग्याने काय पाहावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे काही अंशी ठरवू लागते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, म्यूकरमायकोसिस हा रोग भारतात मोठ्या प्रमाणावर दिसू लागला व मराठी वृत्तपत्रांनी त्यास ‘काळी बुरशी’ म्हणण्यास प्रारंभ केला. हे ‘ब्लॅक फंगस’चे शब्दशः भाषांतर होय. प्रस्तुत लेखात या नावाची परीक्षा करावयाची आहे. वैद्यकातील अधिकार लेखकाकडे नाही; प्रश्न नावाचा आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने टाळू नये असा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हा रोग म्यूकरेलीझ या गणातील कवकांमुळे होतो. त्यांपैकी पुष्कळ माती, शेणखत व सडणारा पालापाचोळा यांत सर्वत्र असतात, आणि त्यांची बीजाणुके आपण सर्वच श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीरात ती रुजत नाहीत. अनियंत्रित मधुमेहात रक्तातील साखर वाढते, रक्त आम्लधर्मी झाल्यास प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते, आणि स्टेरॉइडांमुळे रक्षक पेशींचे बळ खचते. मग या कवकास हवी तशी भूमी मिळते. कोविडमध्ये या तिन्ही गोष्टी अनेकदा एकत्र आल्या. इंग्लंडमधील २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथॅसोन हे औषध प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रोग्यांचे प्राण वाचवते असे दाखविले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्यापासून लाभ आढळला नाही. ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी पाळली गेली नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात भारतातील १६ रुग्णालयांत झालेल्या एका पाहणीत म्यूकरमायकोसिसच्या २८७ रोग्यांपैकी १८७ जणांचा रोग कोविडशी निगडित होता. म्हणजे दुसऱ्या लाटेपूर्वीच या संकटाची चाहूल लागलेली होती.

आता ‘काळी’ या विशेषणाकडे वळू. हा काळेपणा कोणाचा? शरीराच्या ऊतकात शिरलेले हे कवक सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, विरळ पडदे असलेल्या व बहुधा रंगहीन तंतूंच्या रूपात दिसते. ते रक्तवाहिन्यांच्या भित्ती भेदून आत शिरते, वाहिनीत रक्त गोठते, पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. काळे असते ते मेलेले मांस. याउलट कवकशास्त्रात ज्यांना खरोखर काळी कवके म्हणतात, ती भित्तीत कृष्णरंजक असणारी, एका निराळ्या वर्गातील कवके आहेत. तेव्हा व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे विशेषण चुकीच्या विशेष्यास जोडले गेले आहे. कार्याचा गुण कारणावर लादला गेला आहे.

ही चूक मराठी भाषेच्या दारिद्र्यामुळे घडली असे कोणी म्हणेल, तर ते मान्य करता येणार नाही. सांसर्गिक काळपुळी हा शब्दच घ्यावा. त्या रोगातही त्वचेवर काळी खपली धरते. परंतु मराठीने काळेपणा पुळीला दिला, जंतूला नव्हे. याहूनही बोलका पुरावा आपल्या शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहात आहे. पिकांवरील कवकजन्य रोगांना त्याने दिलेली नावे पाहा. द्राक्षाच्या पानावर पिठासारखा थर येतो ती भुरी. तो पांढरेपणा कवकाचा स्वतःचा. गव्हाच्या पानावरील जी भुकटी बोटाला लागते तो तांबेरा. तोही रंग कवकाच्याच बीजाणुकांचा. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरते ती काणी. तिला काळी बुरशी म्हटले तर ते यथार्थ ठरेल. परंतु बटाट्याचे पान कडेपासून काळवंडत जाते तेव्हा शेतकरी त्यास काणी म्हणत नाही, करपा म्हणतो. ‘करपणे’ हे क्रियापद आहे, आणि करपते ते पान. रोगकारकाचा रंग आणि रोगग्रस्त अंगाचा रंग यांतील भेद या नावांमध्ये असा नांदतो आहे. म्यूकरमायकोसिस हा या अर्थाने मानवी देहाचा करपा आहे. आपण त्यास काणीच्या जातीचे नाव दिले.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, कारण काळेपणा या रोगात बहुधा उशिरा येतो. आरंभी एका बाजूचा चेहरा दुखतो किंवा बधिर होतो, नाक चोंदते, गालावर वा डोळ्याभोवती सूज येते, दात हलू लागतात, एकाची दोन दृश्ये दिसतात. हे दिवस उपचाराच्या दृष्टीने मोलाचे असतात. अँफोटेरिसिन बी आणि मृत ऊतक काढून टाकणारी शस्त्रक्रिया यांचा उपयोग जितका लवकर तितका अधिक. प्रस्तुत लेखकाचे एक वडीलधारे आप्त कोविडमधून बरे होऊन घरी आले होते. उजवा गाल दुखत असता ते रोज सकाळी आरशापुढे तोंड उघडून टाळू पाहत, आणि ‘काळे कोठे दिसत नाही’ असे समाधानाने सांगत. घरातील आम्ही सर्वही त्या उत्तराने निश्चिंत होत असू. मी त्यात होतो, आणि शब्दांचा अभ्यास हा माझा व्यवसाय आहे. आठव्या दिवशी पापणी मिटून राहिली. ते वाचले, डोळा वाचला नाही. त्यांना नावानेच फसविले असे मी म्हणणार नाही, साखर व औषधे यांचा वाटा मोठा होता. पण काय शोधावयाचे हे त्यांना त्या नावानेच शिकविले होते, हे निश्चित.

‘बुरशी’ या नामानेही काही दिशाभूल केली. बुरशी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शिळी भाकरी, लोणच्याची बरणी आणि पावसाळ्यातील भिंत उभी राहते. म्हणून ओल, अस्वच्छता व ओलसर मुखपट्टी यांचीच चर्चा फार झाली. साखर व स्टेरॉइड मागे पडले. बुरशी एका भाकरीवरून दुसरीवर पसरते, तसा हा रोग माणसापासून माणसास जडेल अशी भीतीही निर्माण झाली. वस्तुतः तो तसा जडत नाही. वास्तविक गजकर्णही कवकामुळेच होतो. परंतु त्यास बुरशी म्हणण्याची आपली रीत नाही.

पुढे जे घडले ते संरचनेच्या अभ्यासकास अपेक्षितच होते. नावात रंगासाठी एक जागा तयार झाली की ती जागा इतर रंगांनी भरू लागते. त्याच मे महिन्यात पाटण्याहून ‘पांढऱ्या’ आणि गाझियाबादहून ‘पिवळ्या’ बुरशीच्या वार्ता आल्या, आणि एकीहून दुसरी भयंकर अशी उतरंडही रचली गेली. पांढरी म्हणून गणली गेलेली कँडिडा ही निराळ्याच कुळातील. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी हे रोग रंगावरून न ओळखता नावाने ओळखावेत असे त्याच महिन्यात सांगितले. तोवर रंगमालिका सुरू झाली होती.

या मालिकेत मे महिन्यात ज्यास रंग मिळाला नाही तो रोग मात्र मागे राहिला. श्वसनमार्गाच्या विषाणुरोगामागून कवकाचा हल्ला होणे ही कोविडची नवलाई नाही. २००९ ते २०१६ या काळात बेल्जियम व नेदरलँड्स येथील अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या इन्फ्लुएंझाच्या ४३२ रोग्यांपैकी ८३ जणांना, म्हणजे शेकडा १९ जणांना, अ‍ॅस्परजिलस कवकाचा फुप्फुसरोग झाल्याचे आढळले होते. कोविडमध्येही तो झाला. पण फुप्फुसात खोल वाढणारे हे कवक आरशात दिसत नाही. म्हणून लोकांच्या मनात त्याची भीती तितकीशी रुजली नाही.

‘काळी बुरशी’ या नावाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ‘म्यूकरमायकोसिस’ हा शब्द सामान्य वाचकाच्या जिभेवर बसत नाही, आणि तोही निर्दोष नाही. हे नाव अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ बेकर यांनी १९५७ मध्ये दिले. मधल्या काळात ‘झायगोमायकोसिस’ प्रचारात आले व वर्गीकरण बदलल्यावर पुन्हा जुने नाव आले. त्यातही मौज अशी की रोगी जनांत बहुधा सापडते ते म्यूकर नसून ऱ्हायझोपस. आपल्या पारिभाषिक ‘कवक’ शब्दाला भारदस्तपणा आहे, पण पाठ्यपुस्तकाबाहेर त्याचा संचार अल्प. या कोंडीत वृत्तपत्रांनी सोपा शब्द उचलला आणि निदान धोक्याची घंटा तरी घरोघर पोचविली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु सोपेपणा ही नावाची एकमेव कसोटी नव्हे. रोगनाम जर रोग्याच्या हाती द्यावयाचे असेल, तर त्याने कोठे पाहावे हे सांगितले पाहिजे. ‘नाका-डोळ्यांचा बुरशीरोग’ हे नाव ओबडधोबड आहे आणि फुप्फुसातील प्रकारास ते लागू पडत नाही. तथापि ते ऐकणारा मनुष्य नाक व डोळा तपासेल आणि रंगाची वाट पाहत बसणार नाही. यापेक्षा चांगले नाव कोणास सुचल्यास त्याचे स्वागतच आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी मात्र पुढील साथ येण्यापूर्वी एकदा शेताच्या बांधावर जाऊन यावे. काणी आणि करपा यांतील भेद तेथे अजून जिवंत आहे.