'उघड' : कोणाला आणि केव्हा?

पेटंटविषयक वादांत 'उघड' हा शब्द निर्णायक ठरतो; परंतु त्याचा अर्थ गृहीत धरला जातो आणि तेथेच विवेचन दुबळे होते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील कलम १०३ मध्ये हा शब्द एकटा येत नाही. त्या विषयात साधारण कौशल्य असलेली व्यक्ती आणि शोधाचा काळ ही दोन पदे त्याला जोडलेली आहेत. २०११ च्या दुरुस्तीने शोधाच्या काळाऐवजी अर्जापूर्वीचा काळ आला, इतकेच. सारांश, 'उघड' हे साकांक्ष विशेषण आहे.

ह्या दृष्टीने प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोशनयुक्त डायपराचे १९९७ चे पेटंट पाहण्यासारखे आहे. २० अंश सेल्सिअसला मऊ वा प्रवाही असणारा स्निग्ध पदार्थ आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवणारा, किमान ३५ अंशांना वितळणारा दुसरा पदार्थ, ह्यांचा लेप अंगालगतच्या थरावर असावा व त्याचा काही अंश त्वचेवर उतरावा, असा त्यातील दावा आहे. पेट्रोलियम जेली जुनी, मेणासारखे पदार्थ जुने, डायपरही जुना. मग त्यांचा संयोग उघडच नव्हे काय, असा आक्षेप अशा दाव्यांवर सहज घेता येतो.

परंतु अंगालगतच्या थराने मूत्र खाली जाऊ द्यावयाचे असते. स्निग्ध पदार्थ पाण्याला अडवतो. तो प्रवाही असल्यास थरातच मुरतो आणि त्वचेपर्यंत पोहोचत नाही. ही अडचण जाणणाऱ्याला तो संयोग सुचला असता की वर्ज्य वाटला असता, ह्याचे उत्तर घटकांची यादी देत नाही. सर्व शब्द कोशात होते, म्हणून वाक्यही आधीच रचलेले होते, असे कोणी म्हणत नाही.

तथापि अर्जदाराचा 'हे घटक कोणी एकत्र लिहिले नव्हते' हा युक्तिवादही तितकाच अपुरा आहे. मोटारीच्या पेडलासंबंधीच्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स ह्या खटल्यात २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की कुशल व्यक्ती म्हणजे यंत्र नव्हे. साधारण कल्पकता तिच्या ठायी असतेच. भाषा जाणणारा नित्य नवी वाक्ये रचतो. त्यांतील प्रत्येक वाक्य काव्य ठरत नाही.

तेव्हा आक्षेपकाने संयोगाचे कारण दाखवावे आणि अर्जदाराने अपेक्षेपलीकडचा परिणाम. दोन्ही पदे गाळून केलेला 'उघड'चा प्रयोग निर्णयासारखा भासतो. वस्तुतः ते अपुरे वाक्य असते. त्या अपुरेपणाची किंमत कधी खऱ्या शोधकाला, तर कधी नित्याची वस्तू मक्तेदारीच्या भावाने घेणाऱ्या कुटुंबाला मोजावी लागते.