आठच्या आधीचा ‘ब’

तिबेटी लिपीत ‘तीन’ हा शब्द ग्सुम असा लिहितात. मिझोत तो पथुम, मणिपुरीत अहुम, गारोत गित्तम आणि कँटनच्या चिनीत साम. आता पाच घ्या : ल्ङ, पङा, मङा, बोंगा, ङ. एवढी यादी फळ्यावर लिहिली, तर या भाषा एकाच घराण्यातल्या आहेत असे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. उत्तर बरोबर आहे. पण नुसत्या यादीवरून काढले असेल तर रीत चुकली. कारण थाई भाषेतही तीनला साम आणि दहाला सिप म्हणतात, आणि जपानीत तीनला सान, सहाला रोकु. हे सारे शब्द चिनीतून उसने घेतलेले आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०४ च्या खंडात थाईच्या जवळच्या भाषांना चिनीच्या कुटुंबात जागा मिळाली होती. पॉल बेनेडिक्ट यांनी १९४२ साली त्यांना तिथून बाहेर काढले आणि आज बहुतेक अभ्यासक त्यांचे कुटुंब वेगळेच मानतात.

म्हणून पुरावा लागतो तो नियमाचा. तिबेटीतल्या ‘स’च्या जागी मिझोत ‘थ’ येतो हे तीनपुरतेच खरे असते, तर तो योगायोग म्हणता आला असता. पण ‘मारणे’ या क्रियापदाचे तिबेटी भूतकाळी रूप ब्सद आहे आणि मिझो शब्द थत. असे जोड जमू लागले की मग ‘सुम’ हे मूळ रूप असावे असे म्हणण्याला बळ येते.

या विषयावरचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे जेम्स मॅटिसॉफ यांचे चीन-तिबेटी अंकपद्धतींवरील, १९९७ साली कॅनबेराहून निघालेले. त्याच्या उपशीर्षकात उपसर्ग, मूळरूपे आणि अडचणी असे तीन शब्द आहेत. माझ्या मते पुस्तकाची खरी कमाई पहिल्या आणि तिसऱ्या शब्दांत आहे. अंक आपण एकेकटे बोलत नाही, ओळीने म्हणतो. त्यामुळे शेजारचा अंक शेजाऱ्याचा रंग घेतो. तिबेटीत पहिले तिन्ही अंक ‘ग’ने सुरू होतात : ग्चिग, ग्ञिस, ग्सुम. मणिपुरीत चार-पाच म्हणजे मरि-मङा आणि सहा-सात म्हणजे तरुक-तरेत. मिझोत तर एकपासून नऊपर्यंत सगळ्यांना ‘प’ लागला आहे. हे परके वाटायचे कारण नाही. संस्कृतात नियमाने ‘एकदश’ व्हायला हवे होते. ‘द्वादश’च्या संगतीने ते ‘एकादश’ झाले. आपल्या ‘दोन’मधला न तरी कुठला? ‘त्रीणि’पासून प्राकृतात ‘तिण्णि’ झाले आणि त्याच्या जोडीला ‘दोण्णि’ घडले. म्हणजे तो न ‘तीन’कडून आला!

इतके दाखवल्यावर मॅटिसॉफ मूळरूपांत मात्र पुरेशी सावधगिरी ठेवत नाहीत. पाचसाठी ते ल-ङा आणि ब-ङा अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवतात. वस्तुतः तिबेटी, ब्रह्मी, चिनी सर्वांची साक्ष फक्त ‘ङा’ला आहे. एका शब्दाला अशी अनेक मूळरूपे मान्य करण्याच्या त्यांच्या सवयीवर फेल्नर आणि हिल यांनी २०१९ साली कडक टीका केली : पर्याय ठेवण्याची मुभा मिळाली की नियम मोडला हे कळायची सोयच उरत नाही. टीका मला पटते. मात्र तिच्या भरात सगळेच उपसर्ग टाकून देणे हीही घाईच होईल.

चार आणि आठ शेजारी ठेवून पाहा. मॅटिसॉफ चारसाठी ब-लि असे काहीसे रूप देतात आणि आठसाठी ब-र-ग्यत. छापताना दोन्ही ‘ब’पुढे सारखीच आडवी रेघ. पण साक्षी तपासा. चारचा ‘ब’ तिबेटी ब्झि आणि गारो ब्रि यांत आहे; ब्रह्मी ‘ले’ मध्ये नाही आणि चिनीत त्याचा मागमूस नाही. आठचा ‘ब’ तिबेटी ब्र्ग्यद यात आहे. मिझो परिअत मोजायचे नाही, कारण तिथला ‘प’ सरसकट आहे. पण चिनीत आठ म्हणजे ‘पा’, आणि प्राचीन उच्चारातही सुरुवातीला ‘प’च मानतात. चिनीच्या एक ते दहांत दुसरा कोणताही अंक ‘प’ किंवा ‘ब’ने सुरू होत नाही, तेव्हा तो शेजाऱ्याकडून आला असे म्हणता येत नाही. आठचा ‘ब’ जुना धरावा, चारचा संशयित ठेवावा, असे मला वाटते. तिबेटी सात, म्हणजे ब्दुन, याला ‘ब’ आठकडूनच मिळाला असण्याचा बराच संभव आहे.

आणि एक? तिबेटी ग्चिग, मिझो पखत, गारो सा, प्राचीन चिनी इत्. दोनपासून सहापर्यंत ज्या भाषा एका सुरात बोलतात, त्या पहिल्याच अंकाला चार दिशांना जातात. मॅटिसॉफ यांच्याकडेही त्याची एकाहून अधिक मूळरूपे आहेत. इथे मात्र ती ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.