परिचित शब्दांचा चकवा

केंब्रिज विद्यापीठात मध्ययुगीन साहित्याचे अध्यापन करणारे सी. एस. लुईस यांचा ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) हा ग्रंथ मोजक्या इंग्रजी शब्दांचे चरित्र सांगतो. ‘सॅड’ म्हणजे मुळात तृप्त. त्यावरून जड, स्थिर, गंभीर आणि अखेरीस दुःखी. ‘सिंपल’ म्हणजे दुहेरीपण नसलेला, निष्कपट. पुढे त्याचाच अर्थ मूर्ख असाही झाला. निष्कपट माणसाला जग काय समजते, याची ही बोलकी साक्ष आहे.

लुईस यांचा इशारा मार्मिक आहे. अपरिचित शब्द कोश उघडावयास लावतो. फसवितो तो परिचित शब्द. शेक्सपियरच्या नाटकांतील ‘सॅड’ पुष्कळदा केवळ गंभीर असते. आपण मात्र त्यात दुःख शोधतो. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. मराठी वाचकाला तेथे दंड दिसावा, तसेच हे.

ग्रंथाची उणीव एवढीच की, त्यातील पुरावे बहुतांशी साहित्यातले आहेत. शेतात वा बाजारात शब्द कसे पालटले, हे त्यात फारसे उमगत नाही. तरीही जुने लेखन वाचणाऱ्याने तो अवश्य अभ्यासावा. दिवंगत लेखकाच्या तोंडी न अभिप्रेत अर्थ घालणे हाही अन्यायच होय. त्याचे खंडन करावयास तो येऊ शकत नाही.