ज्ञानेश्वरीतील पंथराज आणि वारकरी अर्थपरंपरा

बीड जिल्ह्यातील नेकनूर हे गाव बंकटस्वामींच्या मठामुळे वारकऱ्यांना परिचित आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या परंपरेत बंकटस्वामींचे नाव आदराने घेतले जाते. ज्ञानेश्वरी हा या परंपरेचा मुख्य पाठ. परंतु नामभक्ती हेच ज्या पंथाचे साधन, त्याने सहाव्या अध्यायातील कुंडलिनीयोगाचे, ज्ञानदेव ज्यास पंथराज म्हणतात त्याचे, करावयाचे काय? तो भाग ‘योग्यांसाठी’ म्हणून बाजूस ठेवणे सोयीचे आहे खरे. पण ग्रंथाची साक्ष त्याविरुद्ध जाते.

मूळ अध्यायात ४७ श्लोक आहेत. ज्ञानेश्वरीत त्यांवर सुमारे ५०० ओव्या आहेत. आसन, दृष्टी व मनोनिग्रह यांविषयी गीता थोडक्यात बोलते. कुंडलिनी गीतेत नाही, पतंजलीच्या सूत्रांतही नाही. ती आली नाथपंथातून, आणि ज्ञानदेव हे लपवीत नाहीत. पिंडाने पिंडाचा ग्रास करणे ही नाथांची खूण असून श्रीकृष्णाने तिचा केवळ निर्देश केला, असे ते स्वतःच नमूद करतात. भाष्यकारांत अशी सचोटी विरळा; आपले मत मूळ ग्रंथाच्या माथी मारणारेच अधिक.

फरक केवळ साधनाचा नाही. पतंजलीचे कैवल्य म्हणजे पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे; म्हणूनच भोजराजाने आपल्या वृत्तीच्या आरंभी पुरुष व प्रकृती यांच्या वियोगासच योग म्हटले. ज्ञानदेवांच्या वर्णनात शक्ती टाकून दिली जात नाही. ती वर चढते आणि चिदाकाशात समरस होते. देहसुद्धा तेथे अडगळ नसून नवा, कांतिमान होतो. शब्द एक, मोक्षाची कल्पना भिन्न. ज्ञानदेवांची भक्ती याच ऐक्याच्या कल्पनेवर उभी असल्याने पंथराज तिला परका ठरत नाही.

बाराव्या अध्यायात ज्ञानदेव योगाचे कष्ट रंगवून भक्तीस सुलभ म्हणतात, हा आक्षेप येईल. परंतु तेथील तुलना वाटेच्या खडतरपणाची आहे, साध्याची नव्हे. शिवाय सहाव्या अध्यायातच अर्जुन विचारतो, की ज्याच्या अंगी योग्यता नाही त्याने काय करावे? उत्तर असे, की योग्यता ही काही खाणीतून काढावयाची वस्तू नव्हे; ती प्राप्तीवरून ठरते. जो विरक्त आहे व विहित कर्मांत नेमस्त आहे, तोच अधिकारी. यात जटाधारी योग्याचा उल्लेख कोठेही नाही.