कंपनीने लिहून घेतलेला इतिहास वाचायचा कसा?

कंपनीच्या पैशातून लिहिलेला इतिहास म्हणजे जाहिरातच, असं तुमचं मत असेल तर फोक्सवागनवरचा हान्स मॉमसेन आणि मानफ्रेड ग्रीगर यांचा १९९६ चा जर्मन ग्रंथ बघा. हे काम खुद्द कंपनीने सोपवलं होतं. ते जवळपास दहा वर्षं चाललं आणि हजाराहून जास्त पानं झाली.

विषय आहे नाझी काळातला कारखाना आणि तिथले कामगार. सामान्य लोक आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं वहीत चिकटवून गाडीसाठी बचत करत होते. तीन लाखांहून जास्त बचतदारांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. १९३८ मध्ये पायाभरणी झालेल्या या कारखान्यात युद्धकाळात लष्करी उत्पादन झालं. सुमारे २० हजार माणसांना तिथे सक्तीने राबवलं गेलं, त्यात छळछावणीतले कैदीही होते. पैसे देणाऱ्याला अडचणीचं ठरेल तेच लेखकांनी मध्यभागी ठेवलं, ही ग्रंथाची खरी ताकद.

मर्यादाही आहे. ग्रंथाची चौकट नाझी राजवटीपुरती आहे. त्यामुळे 'जे वाईट होतं ते तेव्हाच संपलं' असा समज वाचक सहज करून घेऊ शकतो. युद्धानंतर तीच कंपनी कशी वागली, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

आता पुढची गोष्ट. ग्रीगर नंतर फोक्सवागनचेच इतिहासकार झाले. २०१५ मध्ये त्यांनी ऑडीच्या पूर्वसुरी 'ऑटो युनियन'वरच्या एका अभ्यासाची परखड समीक्षा केली. ऑडी फोक्सवागन समूहातलीच, आणि तो अभ्यासही कंपनीनेच करवून घेतलेला. २०१६ मध्ये ग्रीगर कंपनीतून बाहेर पडले. समीक्षेमुळेच हे घडलं, असं म्हणत अनेक इतिहासकारांनी जाहीर निषेध केला. कंपनीने मात्र हा आरोप फेटाळला.

म्हणून 'पैसे कोणी दिले?' एवढ्यावर थांबू नका. औषधकंपनीच्या चाचण्यांबद्दल आपण विचारतो तेच इथेही विचारा: कागदपत्रं कोणाच्या ताब्यात होती? दुसऱ्या संशोधकाला ती बघता येतात का? निष्कर्ष आवडला नाही तर तो रोखायचा अधिकार कोणाला होता? आणि लेखक उद्या नावडतं बोलला, तर त्याची नोकरी टिकेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रस्तावनेत सापडत नाही. ते पुस्तकाबाहेर शोधावं लागतं.